पूर्वराग आणि पूर्वद्वेष

राजा तिसरा जॉर्ज मनोविकारामुळे राज्यकारभारास असमर्थ ठरल्यावर, १८११ ते १८२० या काळात त्याच्या युवराजाने राजप्रतिनिधी म्हणून इंग्लंडचा कारभार पाहिला. या नऊ वर्षांच्या पार्श्वभूमीवर रचलेल्या प्रणयकथांचा एक स्वतंत्र प्रकारच इंग्रजी रंजक वाङ्मयात रूढ झाला आहे. त्यातील एक आवडते संविधानक असे : परस्परांविषयी उघड अप्रीती बाळगणारी दोन माणसे वारंवार समोरासमोर येतात, वाद घालतात, आणि अखेरीस विवाहास सिद्ध होतात. शारीर शृंगाराला यांतील अनेक कथांत स्थान नसते. असे लेखन गंभीर समीक्षेच्या कक्षेबाहेरचे आहे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या संविधानकाचा मूळ नमुना जेन ऑस्टिनने १८१३ साली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये घालून दिला, ते संविधानक केवळ लोकप्रिय झाले म्हणून क्षुद्र ठरत नाही.

भारतीय वाचकाला यातील नावीन्य आपल्या काव्यशास्त्राच्या साहाय्याने चटकन जाणवेल. विश्वनाथाने विप्रलंभ शृंगाराचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार प्रकार सांगितले. नायक-नायिकेचा रुसवा ‘मान’ या सदरात येतो. पण मान हा प्रीती जडल्यानंतरचा विकार आहे. येथे प्रीतीचा मागमूसही नसताना विरोध उभा राहतो. पूर्वरागाची जागाच जणू पूर्वद्वेषाने घेतली आहे. शेक्सपिअरच्या बिअट्रिस आणि बेनेडिक यांच्या वाक्कलहात या योजनेचे बीज दिसते. मराठी रसिकाला मात्र अधिक परिचित आहे तो ‘त्राटिके’चा नमुना. वा. बा. केळकरांनी शेक्सपिअरच्याच दुसऱ्या सुखात्मिकेवरून रचलेल्या त्या नाटकात कलह मिटतो तो एका पक्षाच्या शरणागतीने. ऑस्टिनचा मार्ग निराळा आहे, आणि तो का निराळा आहे हे समजण्यासाठी तत्कालीन समाजस्थिती ध्यानात घ्यावी लागते.

त्या काळच्या इंग्लिश कायद्यानुसार विवाहाबरोबर स्त्रीच्या जंगम मालमत्तेवर पतीचा अधिकार प्रस्थापित होई. ही स्थिती मूलतः पालटली ती १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी. घटस्फोट जवळजवळ अशक्यच होता. निवड चुकली तर ती जन्मभर भोगावी लागे. त्यातच अविवाहित तरुणीला परपुरुषाशी एकांतात बोलण्याची मुभा नव्हती, आणि वाङ्‌निश्चय झाल्यावाचून पत्रव्यवहार अनुचित मानला जाई. नृत्याच्या दालनात जोडीने नाचताना होणारे संभाषण, एवढेच काय ते मोकळे क्षेत्र. अशा समाजात गोड बोलणे सर्वांशीच होते, म्हणून त्याची किंमत शून्य. खरे बोलणे होते ते भांडणात. अप्रीती ही येथे परीक्षेचे एकमेव साधन बनते, आणि त्याचबरोबर सभ्यतेने परवानगी दिलेली एकमेव जवळीकही. शारीर वर्णनाचा अभाव म्हणूनच या कथांत उणीव वाटत नाही; स्पर्शाला जे करता येत नाही ते उत्तर-प्रत्युत्तर करते.

ऑस्टिनच्या कादंबरीचे एकसष्ट प्रकरणांचे शरीर या परीक्षेभोवतीच बांधले आहे. चौतिसाव्या प्रकरणात डार्सी प्रथम मागणी घालतो. वर्षाला दहा हजार पौंडांचा हा धनी, आणि जिच्या वडिलांचे घर त्यांच्या मृत्यूनंतर दूरच्या नातलगाकडे जाणार आहे अशी ही मुलगी. तरीही ती नकार देते. त्यानंतरचे डार्सीचे पत्र तिला स्वतःच्या निर्णयशक्तीविषयी साशंक करते, तर तिचा नकार त्याला स्वतःच्या वागणुकीकडे पाहावयास लावतो. दोघांच्याही हातून काही चुकले आहे, आणि दोघेही बदलतात. द्वेषाचे प्रीतीत रूपांतर होते ते ज्ञानाच्या द्वारे.

या कसोटीवर जॉर्जेट हेयरची ‘रीजन्सी बक’ (१९३५) तपासून पाहावी. आधुनिक रीजन्सी प्रणयकथेला वळण लावणारी ही लेखिका. तिचा काळाचा अभ्यास दांडगा, संवाद चटकदार. ज्युडिथ टॅव्हर्नर आणि तिचा पालक अर्ल ऑफ वर्थ यांच्यातील कलह ती रंगविते, परंतु तो कलह एका कारस्थानाच्या रहस्यावर उभा आहे. रहस्य उलगडते आणि वर्थ आरंभापासून बरोबरच होता असे सिद्ध होते. शिकावयाचे ते केवळ नायिकेने. तिची संपत्ती आणि विवाहाची अनुमती वर्थच्याच हाती असल्याने ही असमानता अधिकच बोचते. ‘द ग्रँड सोफी’त (१९५०) हेयर पुढे गेली, तेथे उर्मट आतेभावालाच बदलावे लागते. सावकाराचे ज्यूद्वेषी विडंबन हा त्या पुस्तकावरील कलंक आहे, तो झाकण्याचे कारण नाही. पण संविधानकाची बाजू सावरली आहे. आतेभाऊ-मामेबहिणीचा हा विवाह आजच्या इंग्रजी वाचकाला खटकला, तरी मामाची मुलगी करण्याची चाल ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला तो खटकू नये.

या कथा मराठीत आणताना कसोटी लागते ती सर्वनामांची. इंग्रजीला मध्यमपुरुषी एकच सर्वनाम पुरते. मराठीला ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करावी लागते. रूढ सवयीने अनुवादक अखेरच्या प्रकरणांत डार्सीच्या तोंडी ‘तू’ घालील आणि एलिझाबेथला ‘तुम्ही’वरच ठेवील, कारण आपल्याकडील पती-पत्नींचे संबोधन परंपरेने तसेच चालत आले आहे. या एका सोयीने अठ्ठावन्न प्रकरणांची कमाई वाया जाते. जी समता झगडून मिळविली, ती व्याकरणाने काढून घेतली जाते. माझ्या मते पूर्वार्धात एलिझाबेथने उपरोधाने ‘आपण’ वापरावे, डार्सीने कोरडे ‘तुम्ही’, आणि शेवटी दोघांनी एकाच ‘तुम्ही’वर यावे. पहिल्या ‘तुम्ही’त दुरावा असेल, शेवटच्या ‘तुम्ही’त आदर, शब्द तोच राहून अर्थ पालटला, हे वाचकाला कळेल.

पूर्वद्वेषाच्या कथेचे मूल्य सुखान्तात नाही. तो तर पहिल्या पानावरच ठरलेला असतो. विरोध मिटताना कोणी किती सोडले आणि कोणाला काय कळले, हा हिशेब समतोल असेल तर ती कथा वाङ्मयात जमा होते. तो एकतर्फी असेल, तर कितीही सोज्ज्वळ भाषेत सांगितली तरी ती ‘त्राटिके’चीच पुनरावृत्ती होय.