दोन उंबरठ्यांवरची लेकरे

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो आणि आमच्यासारख्या गावोगाव फिरणाऱ्या धर्मगुरूला सक्तीची सवड लाभते. अशाच एका सवडीत डेव्हिड पोलॉक आणि रूथ व्हॅन रेकन यांचा, १९९९ साली प्रथम प्रसिद्ध झालेला 'थर्ड कल्चर किड्स' हा इंग्रजी ग्रंथ मी वाचून काढला. नावाचा मराठी अर्थ 'तिसऱ्या संस्कृतीची मुले'. ग्रंथ आपल्या वाचकांच्या कपाटात असण्याचा संभव कमी. तरीही त्याची चर्चा येथे करावीशी वाटते, कारण ज्या लेकरांविषयी तो लिहिला आहे ती वाटतात तितकी आपल्यापासून दूर नाहीत.

प्रथम कल्पना समजून घेऊ. आईबापांचा देश ही मुलाची पहिली संस्कृती. त्यांच्या कामामुळे मूल ज्या देशात वाढते ती दुसरी. मूल दोन्हींतून घेते, पण पूर्णपणे कोणत्याच एकीचे होत नाही. अशाच अधांतरी वाढलेल्या इतर मुलांमध्ये मात्र त्याला घरी आल्यासारखे वाटते. ही त्याची तिसरी संस्कृती. विशेष म्हणजे या कल्पनेचे बीज भारतात रुजले. रूथ युसीम ही अमेरिकन समाजशास्त्रज्ञ १९५०च्या दशकात पती आणि मुलांसह येथे आली होती. भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना तिला हे तिसरे जग दिसले.

त्या जगाच्या शाळाही आपल्या देशात जुन्या आहेत. मसुरीची वुडस्टॉक शाळा १८५४ची. मिशनरींच्या मुलांसाठी कोडाईकॅनालची शाळा १९०१ साली निघाली आणि पुढे आंतरराष्ट्रीय शाळा म्हणून नावारूपाला आली. महाराष्ट्रात मुळशी तालुक्यात १९९७ साली महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झांझिबारहून आलेला फारोख बुलसारा नावाचा पारशी मुलगा शिकला. पुढे तोच फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगभर गाजला. जन्म आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, शाळा सह्याद्रीच्या पठारावर आणि कीर्ती इंग्लंडात, असा तो प्रवास.

अशा शाळांतून बाहेर पडलेली मुले पुढे काय होतात, हा प्रश्न स्वाभाविक आहे. युसीम आणि ॲन बेकर कॉट्रेल यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी बालपणी परदेशात वाढलेल्या सुमारे ७०० प्रौढ अमेरिकनांची पाहणी केली. त्यांपैकी ८१ टक्के किमान पदवीधर होते. एकूण अमेरिकनांत हे प्रमाण २१ टक्के होते. पुष्कळजण शिक्षण आणि वैद्यक या क्षेत्रांत होते, मोठ्या कंपन्यांत आणि सरकारी सेवेत मात्र कमी. आपली वाट सापडायला त्यांना इतरांपेक्षा अधिक वर्षे लागल्याचेही दिसून आले.

येथे टीकाकाराने थोडे थांबले पाहिजे. ८१ आणि २१ हे आकडे शेजारी ठेवले की अनेक संस्कृतींत वाढणे हीच यशाची किल्ली आहे, असे वाटू लागते. परंतु मिशनरी, राजदूत, अधिकारी यांची मुले शिकणारच होती. त्यांच्या घरात ग्रंथ होते. त्यांची तुलना एकूण अमेरिकनांशी न करता, स्वदेशातच राहिलेल्या तितक्याच सुशिक्षित घरांतील मुलांशी करायला हवी होती. तशी तुलना केल्याशिवाय पदवीचे श्रेय देशांतराला किती आणि आईबापांच्या शिक्षणाला किती हे ठरत नाही. शेत पिकले ते नव्या बियाण्याने की विहिरीच्या पाण्याने, हे शेजारच्या कोरडवाहू शेताकडे पाहून कसे कळणार?

ग्रंथाचे खरे बळ या आकड्यांत नाही. ते दुःखाविषयीच्या प्रकरणांत आहे. देश सोडताना मुलाचे काय हरवते? आयाचे गाणे, अंगणातले झाड, एका भाषेतले लाडाचे नाव. या वस्तूंसाठी कोणी सांत्वनाला येत नाही, कारण बाहेरून पाहणाऱ्याला काही मेलेले दिसत नाही. न रडलेले रडू मग चाळिशीत वर येते. रूथ व्हॅन रेकन स्वतः नायजेरियात मिशनरी कुटुंबात वाढलेल्या, त्यामुळे ही प्रकरणे आतून आली आहेत. ती वाचताना मला अनेकदा पुस्तक मिटून बसावे लागले.

या संदर्भात डॉ. पॉल ब्रँड यांचे चरित्र डोळ्यांपुढे येते. १९१४ साली तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला धाडण्यात आले. १९२९ साली वडील डोंगरातच तापाने वारले. त्यांची पुन्हा भेट झाली नाही. मृत्यूची तार आधी पोचली आणि वडिलांनी पूर्वी टाकलेली पत्रे बोटीने नंतर येत राहिली. पुढे या मुलाने काही वर्षे बांधकामाचे आणि सुतारकामाचे शिक्षण घेतले, नंतर तो वैद्यकाकडे वळला आणि १९४६ साली वेल्लोरला परतला. कुष्ठरोग्याचा हात वाकडा झाला तरी शस्त्रक्रियेने तो पुन्हा कामाचा करता येतो आणि त्याच्या बोटांचा नाश मुख्यतः वेदना न जाणवल्याने होतो, हे त्यांनी दाखवून दिले. वरोऱ्याच्या आनंदवनामुळे आपल्या जिल्ह्याला हे हात परके नाहीत. या कामाचे मोल आपण जाणतो. सुताराची वाया गेलेली वाटणारी वर्षेही वाया गेली नाहीत. बरा झालेला हात कोणते हत्यार धरू शकेल, हे सुताराला कळते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. समुद्र ओलांडलेल्या मुलालाच दोन संस्कृतींचे मूल म्हणायचे काय? माडिया पाड्यावरचे सहा वर्षांचे लेकरू आश्रमशाळेत येते. घरी माडिया, वर्गात मराठी, पाठ्यपुस्तकाच्या शेवटी इंग्रजी, आणि वसतिगृहात आमच्यासारखे केरळातून किंवा दूरच्या जिल्ह्यांतून आलेले धर्मगुरू व धर्मभगिनी. जे अंतर कोडाईचा विद्यार्थी आगबोटीतून कापत होता, तेच हे लेकरू एस.टी.च्या एका प्रवासात कापते. पण एकाला आपण 'जगाचा नागरिक' म्हणतो आणि दुसऱ्याला 'मागास'. एकाच्या चार भाषा हे त्याचे भांडवल ठरतात, दुसऱ्याच्या तीन भाषा हा त्याचा अडथळा.

ग्रंथकारांवर अन्याय होऊ नये म्हणून हे नोंदवले पाहिजे की व्हॅन रेकन यांनी पुढे कल्पनेचा विस्तार केला. स्वदेशातच राहून घरापेक्षा निराळ्या संस्कृतीच्या शाळेत शिकणाऱ्या मुलांनाही नंतरच्या आवृत्तीत स्थान मिळाले. मात्र ते स्थान ओसरीवरचे आहे. माजघरात अजून विमानाने आलेलेच पाहुणे बसलेले दिसतात.

याच परिसरात आपल्याला उलट दिशेचे उदाहरणही पाहायला मिळते. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू झाला आणि तेथील शाळा १९७६ साली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आपल्या मुलांना दूरच्या शाळेत न पाठवता माडिया मुलांच्या बाकावर बसवले. डॉ. आमटे यांच्या 'प्रकाशवाटा' या २००९ सालच्या आत्मकथनात त्या दिवसांची हकीकत आहे. ती मुले शिकून मोठी झाली, एक डॉक्टर आणि एक अभियंता झाला, आणि दोघेही तेथेच कामाला लागले. त्याच शाळेतून माडिया समाजातील डॉक्टर, वकील, शिक्षकही तयार झाले. येथे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. शहरातून आलेले घरही बदलले. परदेशी मुलांच्या आंतरराष्ट्रीय शाळांविषयीच्या लिखाणात मला हीच गोष्ट अभावाने दिसते. त्या शाळांच्या कुंपणाबाहेरचे गाव पुष्कळदा केवळ देखावा म्हणून येते. आया, माळी, हमाल येतात, पण त्यांच्या मुलांचे पुढे काय झाले याची विचारपूस कोणी करीत नाही.

हे लिहिताना स्वतःकडे बोट न वळवणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरुणपणी एका वसतिगृहाची जबाबदारी माझ्याकडे होती. मुलांचे मराठी सुधारावे म्हणून मी नियम केला की वसतिगृहाच्या आवारात गोंडी बोलायचे नाही. जो बोलेल त्याने अंगण झाडायचे. हेतू चांगला होता, निकालही चांगले लागले. त्या मुलांपैकी एकजण पुढे शिकून शहरात चांगल्या नोकरीला लागला. अनेक वर्षांनी तो मला जिल्ह्याच्या ठिकाणी दवाखान्यात भेटला. त्याच्या आजीला भरती केले होते. डॉक्टर मराठीत विचारीत होते, आजी आपल्या भाषेत कण्हत होती आणि मध्ये दुभाषी म्हणून हा उभा. तिला कोठे आणि कसे दुखते हे सांगणारा शब्द त्याला उमगेना. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या बाईने तो शब्द मराठीत सांगितला. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "फादर, मला सगळं बोलता येतं, पण आजीशी बोलता येत नाही." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर मला हलके वाटले असते.

त्या दिवसापासून 'ही मुले पुढे काय झाली?' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. त्याच्या जोडीला 'ती कोणाशी बोलू शकतात?' हा प्रश्न विचारला पाहिजे. कोणत्याही शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी या दुसऱ्या कसोटीवर वाचून पाहावी. हुद्दे तेच राहतील, पण मनातला अनुक्रम बदलेल.

पवित्र शास्त्रातही असे एक लेकरू आहे. मोशे हिब्रू आईचे दूध प्यायला आणि फारोच्या राजवाड्यात वाढला. त्याच्या आयुष्यातही दीर्घ खंड पडला. मिद्यानात तो मेंढरे राखत राहिला आणि पहिल्या मुलाचे नाव त्याने परदेशीपणावरून ठेवले. देवाने हाक दिली तेव्हा आपली जीभ जड असल्याचे त्याने सांगितले. धर्मविद्यालयात आम्ही त्याचा अर्थ तोतरेपणा किंवा नम्रता असा शिकलो. आज मला वाटते, दोन भाषांच्या मध्ये वाढलेल्या माणसाची ती अडचण असू शकेल: राजाची भाषा येते, पण आपल्या लोकांची जिभेवर बसत नाही. देवाने त्याला नाकारले नाही. बोलायला भाऊ अहरोन सोबत दिला. दवाखान्यातली शेजारच्या खाटेवरची ती बाई मला अहरोनासारखीच आठवते.

धर्मग्रामातील आईबापांना या ग्रंथातून घेण्यासारखे एवढेच सांगतो. मुलांना इंग्रजी शाळेत घालू नका, असे मी म्हणणार नाही. तो हक्क शहरातल्यांचाच का असावा? पण सुट्टीत मूल घरी आले की त्याची मार्कलिस्ट पाहण्यापूर्वी त्याला आजीजवळ बसवा. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिच्याविषयी मतभेद असू शकतात, पण तिच्यामागची भूक खोटी नाही. आमच्या वसतिगृहांनी तिच्याकडून निदान एक तास तरी उसना घ्यावा. माझ्याकडे जी मुले सध्या आहेत त्यांच्यासाठी रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर तसा तास आम्ही ठेवला आहे. त्यात मुले शिकवतात आणि मी शिकतो. माझे उच्चार ऐकून ती मनसोक्त हसतात. अंगण मात्र आता मी झाडतो.