‘बंकम’ : एका शब्दाची परीक्षा

इंग्रजी बोलभाषेंत निरर्थक वक्तृत्वास ‘बंकम’ म्हणतात. ‘बंक’ हें त्याचेंच तोकडें रूप होय. ‘बाष्कळ बडबड’ असा प्रतिशब्द दिला कीं काम भागलें, असें पुष्कळांस वाटतें. आमच्या मतें हा अर्थ चुकीचा नसला तरी अपुरा आहे.

अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलायना राज्यांत बंकम नांवाचा जिल्हा आहे. स्वातंत्र्ययुद्धांत ब्रिटिशांच्या कैदेंत १७७८ सालीं निधन पावलेल्या कर्नल एडवर्ड बंकम यांचें तें नांव. १८२० सालीं मिसूरी प्रांतास गुलामगिरीसह संघराज्यांत घ्यावें कीं नाहीं, यावर लोकप्रतिनिधींच्या सभेंत दीर्घ वाद झाला. सभासद मतदानास उतावीळ झाले असतां या जिल्ह्याचे प्रतिनिधि फीलिक्स वॉकर बोलावयास उठले. त्यांस खालीं बसविण्यासाठीं ओरड झाली, तेव्हां आपणांस बंकमकरितां बोलणें भाग आहे, असें ते म्हणाले, अशी आख्यायिका आहे. सभागृह हंसलें आणि एका देशभक्ताचें नांव पोकळ भाषणास कायमचें चिकटलें.

या शब्दाचें मर्म त्या ‘करितां’मध्यें आहे. बडबड्यास समोरचा श्रोता तरी हवा असतो. थापाड्यास त्यालाच फसवावयाचें असतें. बंकम बोलणारा मात्र समोर पाहून दूरच्या टाळ्यांकडे कान देतो. आपल्याकडील ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण येथें आठवते. परंतु तेथें सुनेस कांहीं तरी कळावें असा हेतु असतो. बंकममध्यें कोणास कांहीं कळावें अशी अपेक्षाच नसते; आपण बोललों, एवढें दिसलें म्हणजे झालें.

विल्यम वुडवर्ड यांच्या ‘बंक’ या १९२३ च्या कादंबरीपासून ‘डीबंक’, म्हणजे भ्रम दूर करणें, हें क्रियापद रूढ झालें. त्यांत बंकम म्हणजे केवळ खोटी समजूत उरली; दूरचा श्रोता लोपला. ही हानि लहान नव्हे. त्या वादांत लक्षावधि गुलामांच्या भवितव्याचा प्रश्न होता, आणि १८२१ सालीं मिसूरी गुलामगिरीसहच संघराज्यांत आली. ज्यांच्याविषयीं वाद चालला होता, त्यांस त्या सभेंत स्थान नव्हतें. आज त्या प्रसंगाचा विनोद तेवढा लोकांस ठाऊक आहे.

ग्रंथपरीक्षणांतही ही कसोटी लावून पाहावी. लेखक पुस्तक उघडून बसलेल्या वाचकाशीं बोलतो आहे, कीं प्रशस्ति देणाऱ्या मंडळींशीं? दुसरें असेल, तर भाषा कितीही निर्दोष असली तरी त्या लेखनास बंकमच म्हटलें पाहिजे.