७३ टक्के: चुकलेला आकडा आणि न चुकलेला मुद्दा

प्रपोजलच्या पहिल्याच परिच्छेदात एखादा दणदणीत आकडा असावा असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. आज अशाच एका आकड्याबद्दल लिहितेय. पुस्तक अमेरिकेतलं आहे आणि जुनंही आहे. पण संशोधनात उतरण्याआधी ते वाचावं, आणि त्यावरची टीकाही सोबत ठेवून वाचावं, असं मला वाटतं.

लेनोर वाइट्झमन या समाजशास्त्रज्ञ. त्यांचं ‘द डिव्होर्स रेव्होल्यूशन’ १९८५ साली आलं. त्यातला एक निष्कर्ष सगळीकडे पोचला: घटस्फोटानंतरच्या पहिल्या वर्षात बायकोचं आणि तिच्याकडच्या मुलांचं राहणीमान ७३ टक्क्यांनी घसरतं, आणि नवऱ्याचं ४२ टक्क्यांनी वाढतं. पुस्तकाला अमेरिकन समाजशास्त्र संघटनेचा पुरस्कार मिळाला. वर्तमानपत्रं, कायद्याची नियतकालिकं, कोर्टाचे निकाल, सगळीकडे हा आकडा फिरला.

आधी पार्श्वभूमी. अमेरिकेत घटस्फोट, मुलांचा खर्च, मालमत्तेची वाटणी हे मुख्यतः राज्यांच्या कायद्याचे विषय. कॅलिफोर्नियात पूर्वी घटस्फोटासाठी बहुतेक वेळा जोडीदाराचा दोष सिद्ध करावा लागे: व्यभिचार, क्रूरता वगैरे. निर्दोष ठरलेल्याला मालमत्तेत निम्म्याहून जास्त वाटा मिळू शकत असे. १ जानेवारी १९७० पासून हे बदललं. दोष दाखवायची गरज उरली नाही आणि लग्नानंतर कमावलेली मालमत्ता निम्मी-निम्मी वाटायची असं ठरलं. गोव्यातल्या वाचकांना पती-पत्नीच्या सामाईक मालमत्तेची कल्पना नवी नाही. फरक एवढाच, की तिथे वेगळा करार केला नसेल तर लग्नाआधीची मालमत्ताही सामाईक होते.

निम्मं-निम्मं म्हणजे न्याय, असं आपण पटकन म्हणतो. वाइट्झमन तिथेच अडवतात. बऱ्याच कुटुंबांची मोठी मालमत्ता म्हणजे एक घर. घराचे दोन तुकडे होत नाहीत, म्हणून ते विकायचं. मग मुलांचं घर जातं, आणि त्याबरोबर शाळा नि शेजारही. शिवाय लग्नाच्या काळात जे खरं कमावलं गेलं, म्हणजे नवऱ्याची पदवी, नोकरीतली ज्येष्ठता, पुढची कमाईची ताकद, ते वाटणीच्या यादीत नीट येतच नाही. घर सांभाळलेल्या बाईला सांगायचं की आता तूही समान आहेस, कमव. त्यात मुलांच्या खर्चाची रक्कम तोकडी आणि वसुली ढिसाळ. हा युक्तिवाद आजही भक्कम वाटतो.

आता आकड्याकडे या. राहणीमान मोजताना कुटुंबाचं उत्पन्न भागिले कुटुंबाची गरज असं गुणोत्तर काढतात. माझं एक काल्पनिक उदाहरण घ्या. चौघांच्या घराची गरज १०० आणि उत्पन्न २००, म्हणजे गुणोत्तर २. घटस्फोटानंतर आई आणि दोन मुलांची गरज समजा ८०. राहणीमान ७३ टक्के घसरायचं तर गुणोत्तर ०.५४ वर यायला हवं, म्हणजे उत्पन्न साधारण ४३. दोनशेवरून त्रेचाळीस! पगार, पोटगी, मुलांचा खर्च सगळं धरून. आता हे सरासरी बाईच्या बाबतीत घडलं असं म्हणायचं आहे. कागद-पेन्सिल घेतली की शंका येते.

ही शंका सॉल हॉफमन आणि ग्रेग डंकन यांनी १९८८ मध्येच मांडली होती. पुस्तकात इतरत्र दिलेल्या उत्पन्नांशी ७३ टक्के जुळत नाहीत, असं त्यांनी दाखवलं. देशपातळीवरच्या आकडेवारीवरून त्यांना घसरण सुमारे ३० टक्के दिसत होती. पुढे रिचर्ड पीटरसन यांनी वाइट्झमन यांचाच जतन केलेला डेटा घेतला, त्याच पद्धतीने हिशेब पुन्हा केला आणि १९९६ मध्ये निष्कर्ष छापला: स्त्रियांची घसरण २७ टक्के, पुरुषांची वाढ १० टक्के. वाइट्झमन यांनी आकडा चुकल्याचं मान्य केलं. तोवर अकरा वर्षं उलटली होती.

इथे एक मोह होतो. १०० वजा ७३ म्हणजे २७, म्हणजे “२७ टक्के घसरलं” आणि “२७ टक्के उरलं” यात गफलत झाली असणार, असं म्हणून मोकळं व्हायचं. पण त्याने ४२ चं कोडं सुटत नाही. चूक शोधतानाही पुरावा लागतोच.

माझा आक्षेप मात्र वेगळ्या जागी आहे. समजा ७३ हा आकडा बरोबर असता, तरी पुस्तक जे म्हणतं ते त्यातून सिद्ध झालं असतं का? मुलाखती लॉस एंजेलिस काउंटीतल्या २२८ जणांच्या, ११४ पुरुष आणि ११४ स्त्रिया. उपशीर्षक मात्र सगळ्या अमेरिकेबद्दल बोलतं. त्याहून महत्त्वाचं, हे सगळे घटस्फोट नव्या कायद्यानंतरचे. कोर्टाच्या नोंदींमध्ये १९७० च्या आधीची आणि नंतरची तुलना आहे, ती उपयुक्तही आहे. पण राहणीमानाची तशी तुलना नाही. जुन्या कायद्यात बाईचं राहणीमान किती घसरत होतं हे कळल्याशिवाय घसरणीचा दोष नव्या कायद्यावर टाकता येत नाही. आकड्याच्या झगमगाटात हा प्रश्न मागे पडला.

याचे परिणाम पुस्तकाबाहेर झाले. मुलांच्या खर्चाची रक्कम वाढावी म्हणणाऱ्यांनी हा आकडा वापरला आणि घटस्फोटच अवघड करा म्हणणाऱ्यांनीही. तो कोसळल्यावर उलटी बाजू बोलू लागली: बघा, बायकांचं नुकसान वगैरे सगळं फुगवलेलं होतं. पण २७ टक्के म्हणजे थोडं नव्हे. महिन्याचं बजेट चौथ्या हिश्श्याहून जास्त कापून बघा, आधी काय काय जातं ते. खरा आकडाच युक्तिवादाला पुरेसा होता. फुगलेल्या आकड्याने त्या बायकांचं भलं केलं नाही, उलट त्यांच्या म्हणण्यावर संशय घ्यायला जागा करून दिली.

म्हणून हे पुस्तक फेकून देऊ नका. ते तीन प्रश्न हातात घेऊन वाचा. हा आकडा त्याच पुस्तकातल्या बाकीच्या आकड्यांशी जुळतो का? तुलना कशाशी केली आहे? आणि आकडा खोडून टाकला तर काय उरतं? वाइट्झमन यांच्याकडे बरंच उरतं. त्यांचा डेटा संग्रहात होता म्हणून चूक सापडली, हेही विसरू नका. आपल्या थीसिसच्या फाइल्स दहा वर्षांनी कुणी मागितल्या तर देता येतील ना, एवढं आजच तपासा.