खुर्च्या किती, आणि त्या दिल्या कुणी?

एकानं राज्य करावं की अनेकांनी, या वादाचा निकाल मराठी भाषेनं कधीच लावून टाकला आहे. 'बारभाई कारभार' म्हटलं की आपल्याला गोंधळ दिसतो. भागीचं घोडं किवणानं मरतं हे आपण लहानपणीच ऐकतो. घरातला 'कर्ता' पुरुष एकच असतो, आणि तो गेला की घर उघडं पडलं असं म्हणतात. कर्त्यांचं मंडळ ही कल्पना आपल्या भाषेला पटत नाही.

इतिहास मात्र या भाषेइतका एकतर्फी नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथराव पेशवे झाले. त्यांच्या विरोधात सखारामबापू बोकील, नाना फडणीस, त्र्यंबकराव पेठे, हरिपंत फडके वगैरे मंडळी एकत्र आली. त्यांनी आधी गर्भातल्या आणि मग पाळण्यातल्या पेशव्याच्या नावानं राज्य चालवलं. १७७९च्या जानेवारीत वडगावला इंग्रज फौजेला तह करावा लागला, तो याच कारभाराच्या काळात. बारभाई मोडले ते बाहेरच्या मारानं नव्हे. १७७८मध्ये मोरोबा फडणीस कैदेत गेले, १७७९मध्ये सखारामबापू. उरले नाना. मंडळ हरलं नाही, ते आतून एकाचं झालं.

मंडळ एकाचं कसं होतं, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्यासाठी दोन मजकूर शेजारी ठेवून वाचायचे आहेत. एक, 'द फेडरलिस्ट' या लेखमालेतला अलेक्झांडर हॅमिल्टनचा सत्तरावा लेख, मार्च १७८८चा. दुसरा, डॉ. आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं १९४७मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेलं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन. पहिला मजकूर एका नेत्याची वकिली म्हणून जगभर शिकवला जातो. दुसऱ्यातली जमीन आणि उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणाची कलमं चर्चेत येतात, कार्यकारी मंडळाचं कलम क्वचितच कुणी उघडतं.

हॅमिल्टन लिहीत होता न्यूयॉर्कच्या मतदारांसाठी. नव्या संविधानानं सगळी कार्यकारी सत्ता एका राष्ट्राध्यक्षाच्या हाती दिली होती, आणि नुकतंच राजाला घालवून दिलेल्या लोकांना ते पटवून द्यायचं होतं. त्याचा पहिला युक्तिवाद धडाडीचा आहे. एक माणूस लवकर ठरवतो, गुप्तता राखतो, युद्धात डगमगत नाही. दोघे असले की मतभेद आले, मतभेदातून गट आले. रोमच्या दोन कॉन्सलांचं उदाहरण तो देतो. हा भाग वाचायला झणझणीत आहे, पण तर्क म्हणून हलका. लवकर घेतलेला निर्णय चुकीचाही असू शकतो, याचं उत्तर त्याच्याकडे नाही. कायदेमंडळात संथपणा हा गुण असतो हे तो मान्य करतो आणि कार्यकारी सत्तेपाशी आल्यावर तोच दोष ठरवतो.

दुसरा युक्तिवाद मात्र खणखणीत आहे. अनेकजण मिळून कारभार करतात तेव्हा चूक कुणाची हे कळत नाही. प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि शिक्षा कुणाला करावी, पुढच्या निवडणुकीत कुणाला पाडावं, हे लोकांना समजत नाही. म्हणजे एकच नेता हवा तो त्याला बळ मिळावं म्हणून नव्हे, तर त्याला धरता यावं म्हणून. कुठल्याही ऑफिसात 'टीमचा निर्णय होता' हे वाक्य ऐकलेल्या माणसाला यातलं तथ्य वेगळं सांगावं लागत नाही.

पण या युक्तिवादाला एक गृहीतक लागतं. नेत्याला धरणारे लोक मत बदलू शकतात, आज त्याच्या बाजूचे उद्या विरोधात जाऊ शकतात, हे ते गृहीतक. हॅमिल्टन ते तपासत नाही. आंबेडकर तिथूनच सुरुवात करतात. ब्रिटिश पद्धतीत बहुमत राजकीय असतं, ते घडतं आणि मोडतं. भारतातलं बहुमत जन्मानं ठरलेलं आहे. ते निवडणुकीनं बदलत नाही. अशा ठिकाणी बहुमताचा नेता फक्त त्याच बहुमताला जबाबदार राहतो. बाकीच्यांनी चूक कितीही अचूक ओळखली तरी ते त्याला हलवू शकत नाहीत.

म्हणून १९४७च्या निवेदनातली रचना वेगळी आहे. पंतप्रधान सगळ्या सभागृहानं एकल संक्रमणीय मतानं निवडायचा. मंत्रिमंडळातले बहुसंख्याकांचे प्रतिनिधीही सगळ्या सभागृहानं निवडायचे. अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी त्या त्या समाजाच्या सदस्यांनी निवडायचे. मुदत संपेपर्यंत हे मंडळ पाडता येणार नाही; मंत्र्याला काढायचं तर भ्रष्टाचार किंवा देशद्रोहाच्या आरोपावर महाभियोग चालवावा लागेल. सगळं कलमांच्या कोरड्या भाषेत आहे. पण त्या कोरडेपणात एक मोठी गोष्ट घडते: मंत्र्याची खुर्ची पंतप्रधानाच्या मर्जीतून सुटते.

पुढं काय झालं ते संविधान सभेच्या कामकाजात वाचायला मिळतं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना आंबेडकर म्हणाले की कार्यकारी सत्तेत स्थैर्य आणि जबाबदारी दोन्ही हवीत, पण दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत सापडलेली नाही. अमेरिकन आणि स्विस पद्धती स्थैर्य अधिक देतात, ब्रिटिश पद्धत जबाबदारी. मसुद्यानं जबाबदारीला झुकतं माप दिलं. ३० डिसेंबरला ते आणखी पुढं गेले. पंतप्रधान हा मंत्रिमंडळाच्या कमानीतला मधला दगड आहे, आणि मंत्री नेमण्याचा व काढण्याचा अधिकार त्याच्याकडे नसेल तर सामूहिक जबाबदारी शक्यच नाही, असं त्यांनी मांडलं. १९४७मध्ये जी खुर्ची सभागृहाची होती ती १९४८च्या अखेरीस पंतप्रधानाची झाली.

ही विसंगती आहे का? वकिलानं अशिलाची बाजू मांडणं आणि मसुदा समितीच्या अध्यक्षानं सभेनं स्वीकारलेली रचना मांडणं या दोन भूमिका आहेत. शिवाय दुसरा युक्तिवाद खोटा नाही. चुकणाऱ्या मंत्र्याला काढता येत नसेल तर बाकीच्यांनी त्याच्यासाठी जबाबदार का राहावं? पण त्याची किंमत काय, हे आंबेडकरांनीच आधी लिहून ठेवलं होतं. ज्याची खुर्ची नेत्याच्या हातात आहे तो नेत्याला 'नाही' म्हणणार कसा?

ही किंमत वसूल व्हायला सत्तावीस वर्षं लागली नाहीत. २५ जून १९७५च्या रात्री राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. पंतप्रधानांच्या पत्रात कामकाज नियमावलीतल्या बाराव्या नियमाचा आधार होता. निकड असेल तर पंतप्रधानांना मंत्रिमंडळाला वळसा घालता येतो, असा तो नियम. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती सकाळी, अटका सुरू झाल्यावर. त्या बैठकीनं घोषणा मान्य केली. घटनेप्रमाणे मंत्रिपरिषद लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार होती. प्रत्यक्षात ती एका माणसाच्या निर्णयाला मागाहून जबाबदार झाली.

१९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं हे भोक बुजवलं. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना आणीबाणी जाहीर करता येणार नाही, असं कलम ३५२मध्ये आलं. पण बुजवलं ते एकच भोक. बारावा नियम राहिला. २३ नोव्हेंबर २०१९च्या पहाटे महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट उठवली गेली ती याच नियमाखाली. मंत्रिमंडळाची संमती नंतर आली. सकाळी आपण उठलो तेव्हा राज्याला मुख्यमंत्री मिळालेला होता.

२०२२ साली तर महाराष्ट्रानं मंडळाविना राज्य चालवून पाहिलं. ३० जूनला मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री यांनी शपथ घेतली, आणि ९ ऑगस्टपर्यंत मंत्रिमंडळ दोघांचंच होतं. राज्यात मुख्यमंत्र्यासह किमान बारा मंत्री असावेत असं कलम १६४ सांगतं, पण ते किती दिवसांत नेमायचे हे सांगत नाही. त्या चाळीस दिवसांत इंधनावरचा कर कमी झाला, शहरांच्या नामांतराचे निर्णय पुन्हा घेतले गेले. निर्णय बरे की वाईट हा मुद्दा नाही. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या आहेत म्हणून काही अडल्यासारखं कुणाला वाटलं नाही, हा मुद्दा आहे. ज्या खुर्च्या रिकाम्या असतानाही काही अडत नाही, त्या भरल्यावर तरी काय अडवत असतील?

इथं हॅमिल्टनचा दुसरा युक्तिवाद त्याच्यावरच उलटतो. नेत्यानं नेमलेल्या मंडळात श्रेय नेत्याकडे जातं आणि दोष खात्याकडे, सचिवाकडे, 'यंत्रणे'कडे. मंडळामुळे पडतं असं त्याला वाटलेलं धुकं एका चेहऱ्यामागंही तितकंच दाट असतं.

माझ्या धंद्यात या प्रश्नाचं एक उत्तर रोज वापरलं जातं. अनेक संगणकांनी मिळून एकच हिशोब राखायचा असेल तर 'राफ्ट' नावाची पद्धत वापरतात. त्यात नेता एकच असतो, तोच सगळ्या सूचना घेतो, म्हणून काम वेगानं होतं. पण बहुसंख्य सदस्यांनी नोंद आपल्याकडे उतरवून घेतल्याशिवाय ती पक्की धरली जात नाही, आणि नेत्याचा आवाज येईनासा झाला की बाकीचे नवा निवडतात. धडाडी एकाची, शिक्का बहुमताचा. मात्र ही पद्धत एक गोष्ट गृहीत धरते: सदस्य बंद पडेल, पण खोटं बोलणार नाही. संगणकाला पुढच्या विस्तारात खातं मिळेल की नाही याची काळजी नसते. माणसांच्या मंडळात सगळा प्रश्न तिथंच आहे.

नुसती मंडळं हाही उपाय नव्हे. उरुग्वेत १९५२पासून नऊ जणांचं मंडळ राज्य करत होतं, सहा बहुमताच्या पक्षाचे आणि तीन विरोधकांचे. अर्थव्यवस्था घसरली, निर्णय अडले, आणि १९६६मध्ये लोकांनीच मतदान करून पुन्हा एक राष्ट्राध्यक्ष आणला. १९७३मध्ये राष्ट्राध्यक्षानं लष्कराच्या साथीनं संसद बरखास्त केली. एकातून दुसरं अटळपणे आलं असं म्हणता येणार नाही. पण मंडळाला कंटाळून एकाला निवडणाऱ्यानं या दोन्ही तारखा लक्षात ठेवाव्यात. उलट स्वित्झर्लंडमध्ये १८४८पासून सात जणांचं मंडळ चालतं. संसद त्यांना एकेक करून निवडते, अध्यक्षपद दरवर्षी फिरतं. कुणाचीही खुर्ची दुसऱ्या सदस्याची देणगी नसते. पण ते सातही जण बाहेर एकाच आवाजात बोलतात, म्हणजे हॅमिल्टनची तक्रार तिथं उरतेच.

दोन्ही मजकूर एकत्र वाचले की एक की अनेक हा प्रश्न मागं पडतो. हॅमिल्टनकडून घ्यायचं ते नाव: प्रत्येक निर्णयाखाली कुणाची तरी सही हवी, कोण विरोधात होतं तेही कागदावर हवं. १९४७च्या आंबेडकरांकडून घ्यायची ती खुर्ची: 'नाही' म्हणणाऱ्याची जागा ज्याला 'नाही' म्हणायचं त्याच्या हातात नको. संपूर्ण रचना बदलणं आज शक्य दिसत नाही. पण आणीबाणीसाठी घातलेली लेखी निर्णयाची अट राष्ट्रपती राजवट लावण्या-उठवण्याला लागू करणं, बाराव्या नियमाला कुंपण घालणं, बारा मंत्र्यांसाठी दिवसांची मुदत ठरवणं, यात अशक्य काही नाही. १९७८मध्ये एक भोक बुजवता आलं होतं.

तोवर आपल्याकडे नावाला मंडळ आणि कामाला एकटा अशी पद्धत चालू राहील. सखारामबापूंना निदान कैदेत टाकावं लागलं होतं. आता त्याचीही गरज पडत नाही.