रानट्याचा हक्क आणि हेल्महोल्ट्झचे बेट

अल्डस हक्स्ली यांच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (१९३२) या कादंबरीची सोळावे व सतरावे ही दोन प्रकरणे म्हणजे सुख आणि स्वातंत्र्य यांच्यातील वादाचा आधुनिक नमुना होय, असे सामान्यतः मानले जाते. एका बाजूस पश्चिम युरोपचा नियंता मुस्तफा माँड; दुसऱ्या बाजूस न्यू मेक्सिकोतील राखीव प्रदेशात वाढलेला जॉन, ज्याला लंडनमध्ये 'रानटी' हेच नाव पडले आहे. वार्धक्य, रोग, उपासमार, उद्याची धास्ती या साऱ्यांची यादी माँड वाचून दाखवितो, आणि रानटी त्या सर्वांवर आपला हक्क सांगतो. पुष्कळ वाचकांच्या मते कादंबरीचा निकाल येथेच लागतो. परंतु हक्स्लींनी तो इतका सरळ ठेविलेला नाही.

रानट्याने स्वातंत्र्य निवडले असे म्हणताना, त्याला निवडीची संधी केव्हा मिळाली हे पाहावयास हवे. मालपाइस वस्तीतील देहदंडाचे विधी आणि शेक्सपिअरचा एक जीर्ण ग्रंथ, यांनी त्याचे मन घडविले आहे. लंडनच्या मुलांना नीतिवचने झोपेत ऐकविली जातात, त्याला ती जागेपणी मिळाली, एवढाच भेद. रुग्णालयाच्या दारी डेल्टा वर्गाच्या कामगारांचा सोमा तो खिडकीबाहेर फेकतो, तेही त्यांना न विचारता. (वेदकाळी यज्ञात देवांना अर्पिलेला सोम येथे कामाच्या पाळीनंतर शिधा म्हणून वाटला जातो, नावाची ही उचल सहेतुकच म्हणावी लागेल.) पुढे सरेतील दीपगृहात तो एकटा राहतो. धनुष्य तासताना आपण गाणे गात आहोत हे ध्यानी येताच तो शरमतो. आनंद त्याला अपराध वाटतो. ज्याला स्वतःच्या हातच्या कामाचे सुखही सोसवत नाही, त्याला स्वातंत्र्याचा प्रवक्ता कसे मानावे?

माँडचे तसे नाही. तो तरुणपणी पदार्थविज्ञानाचा अभ्यासक होता. बेटावरील हद्दपारी की नियंत्यांचे मंडळ, असा पर्याय त्याच्यापुढे ठेवला गेला आणि त्याने मंडळ पत्करले. दोन्ही बाजू जाणून नियंत्रणाचा पक्ष घेणारा असा हा गृहस्थ आहे. दस्तयेव्हस्कींच्या महाधर्माधिकाऱ्याशी त्याचे नाते उघड आहे. पण तेथील बंदी मौन पाळतो, आणि ते मौनच भारी ठरते. येथे रानटी बोलतो, आणि माँडला प्रत्येक उत्तर सोपे जाते. तरीही माँडचा पुरावा निर्दोष नाही. सायप्रस बेटावर २२,००० आल्फा वसविले. ६ वर्षांत यादवी माजून १९,००० मारले गेले आणि उरलेल्यांनी नियंत्यांचे राज्य परत मागितले, असे तो सांगतो. परंतु ती माणसे नियंत्रणासाठीच घडविलेली होती. पिंजऱ्यात वाढलेला पक्षी रानात मेला, यावरून रान पक्ष्यांसाठी नाही असे सिद्ध होत नाही.

वादाचे खरे उत्तर अवघ्या काही ओळींत येऊन जाते. हद्दपारी ठरल्यावर हेल्महोल्ट्झ वॉटसनला विचारले जाते, बेट कोणते हवे? तो मुद्दाम वाईट हवेचे मागतो. वारा आणि वादळे असली की लेखन अधिक चांगले होईल, अशी त्याची समजूत. माँड त्याला फॉकलंडला धाडतो. येथे कष्टाचा हक्क मागितला जात नाही. कामासाठी कष्ट पत्करले जातात. रानटीही बेट मागतो, पण प्रयोग पुढे चालू ठेवण्याच्या सबबीवर त्याला नकार मिळतो.

१९४६ च्या प्रस्तावनेत हक्स्लींनी कबूल केले की, रानट्यापुढे दोनच मार्ग ठेवणे हा ग्रंथाचा मोठा दोष होता. पुन्हा लिहावयाचे झाल्यास हद्दपार व निर्वासितांच्या वस्तीचा तिसरा मार्ग आपण दाखवू. ही कबुली प्रामाणिक आहे, पण अपुरी. हद्दपारांची वस्ती मूळ ग्रंथात होतीच. तेथला एकही दिवस लेखकाने चितारला नाही, एवढेच. 'आयलंड' (१९६२) या अखेरच्या कादंबरीत त्यांनी एक बेट सविस्तर रंगविले खरे, परंतु पाला हे उष्ण कटिबंधातील, सुव्यवस्थित, जवळजवळ निर्दोष बेट आहे, आणि शेवटी ते शेजारच्या सत्तेच्या सैन्याच्या हाती पडते. फॉकलंडचा वारा तेथे कोठेच वाहत नाही.