मुक्तिबोधांची दुर्बोधता आणि शिकवणारा माणूस

प्रास्ताविक

मराठीतील नवसाहित्य आणि प्रयोगशील लेखन यांचा विषय निघाला की आपली नजर साहजिकच मुंबईकडे वळते. मर्ढेकर, त्यांच्यानंतरची अनियतकालिके, अशोक शहाणे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, भाऊ पाध्ये ही नावे ओळीने घेतली जातात. ही परंपरा मोलाची आहेच. परंतु आधुनिक कवितेच्या घडणीत महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांचा जो वाटा आहे, त्याकडे आपल्या अभ्यासक्रमांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

१९४३ या एकाच वर्षातल्या दोन घटना या संदर्भात लक्षात घेण्यासारख्या आहेत. त्या वर्षी बडोद्याहून पु. आ. चित्रे यांनी 'अभिरुची' मासिक सुरू केले आणि मराठीतील नव्या लेखनाला एक हक्काची जागा मिळाली. त्याच वर्षी अज्ञेय यांनी संपादित केलेला 'तारसप्तक' हा सात हिंदी कवींचा संग्रह प्रसिद्ध झाला आणि हिंदी कवितेतील प्रयोगवादाला तेथून सुरुवात झाली असे मानले जाते. या सात कवींपैकी दोघांची, गजानन माधव मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे यांची, मातृभाषा मराठी होती. दोघांचाही जन्म १९१७ चा आणि दोघेही ग्वाल्हेर संस्थानात जन्मलेले.

यांपैकी मुक्तिबोध हे हिंदीतील सर्वांत अवघड कवी म्हणून ओळखले जातात. प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे, की त्यांच्या कवितेतील अडचण मुख्यतः शब्दांची नाही. सुशिक्षित माणसाने स्वतःची झडती घ्यावी अशी मागणी ही कविता करते आणि अडचण तेथे सुरू होते. त्यामुळे तिला सर्वांत आधी सामोरे जावे लागते ते शिकवणाऱ्या माणसाला.

दोन भाऊ, दोन भाषा

मुक्तिबोधांचे पूर्वज जळगावकडून ग्वाल्हेर संस्थानात आले. वडील माधवराव संस्थानच्या पोलिस खात्यात नोकरीला होते. त्यांच्या बदल्यांमुळे मुलांचे शिक्षण गावोगावी झाले. गजानन यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे झाला. १९३८ मध्ये ते इंदूरच्या होळकर कॉलेजातून बी. ए. झाले. उज्जैन, शुजालपूर, जबलपूर येथे शिक्षकी, बनारसला 'हंस' मासिकात काम, नागपूरला माहिती खाते, आकाशवाणी आणि 'नया खून' हे साप्ताहिक, असा त्यांचा पोटापाण्याचा प्रवास झाला. १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले, तेव्हा कोठे थोडी स्थिरता आली. ती जेमतेम सहा वर्षे टिकली. फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्यांच्या हाती पडलाच नाही.

त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध (१९२१–१९८४) यांनी मात्र मराठीत लिहिले. 'नवी मळवाट' (१९४९) आणि 'यात्रिक' (१९५७) हे त्यांचे कवितासंग्रह. 'क्षिप्रा', 'सरहद्द' आणि 'जन हे वोळतु जेथें' ही त्यांची कादंबरीत्रयी प्रसिद्ध आहे. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या समीक्षाग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

एकाच घरात वाढलेल्या दोन भावांनी दोन भाषा निवडल्या. पण दोघांचा मूळ प्रश्न एकच होता. साहित्याचे मूल्य केवळ सौंदर्यात शोधायचे की माणूसपणात? शरच्चंद्रांनी या प्रश्नाचे उत्तर 'मानुषता' या संकल्पनेतून शास्त्रीय पद्धतीने मांडले. गजानन यांनी तोच प्रश्न स्वप्नासारख्या, भीतिदायक प्रतिमांमधून लढवला. आज मराठीचा विद्यार्थी फक्त शरच्चंद्रांचे आणि हिंदीचा विद्यार्थी फक्त गजानन यांचे नाव ऐकतो. विभागांच्या भिंतींमुळे दोघेही अर्धेच वाचले जातात.

ब्रह्मराक्षस: अडकून पडलेली विद्या

मुक्तिबोधांची 'ब्रह्मराक्षस' ही कविता अनेक विद्यापीठांत नेमलेली असते. गावाबाहेरच्या पडक्या भागात एक जुनी खोल विहीर आहे आणि तिच्या तळाशी एक ब्रह्मराक्षस राहतो. तो एकसारखा अंग घासून धूत असतो, पण मळ काही निघत नाही. प्राचीन सुमेरच्या कथांपासून वेदांतील ऋचांपर्यंत आणि मार्क्स, रसेल, टॉयन्बी, सार्त्र, गांधी यांच्यापर्यंत सर्व विचारांची तो नव्याने व्याख्या करतो. चुकून एखादा सूर्यकिरण विहिरीच्या भिंतीवर पडला तर त्याला वाटते, सूर्याने आपल्याला नमस्कार केला. चांदणे वाट चुकून आत आले तर वाटते, तेही आपल्याला ज्ञानगुरू मानून वंदन करते आहे.

बाजारातल्या मार्गदर्शिकांमध्ये या कवितेचा एक ठरावीक तक्ता सापडतो: विहीर म्हणजे अंतर्मन, ब्रह्मराक्षस म्हणजे बुद्धिजीवी, मळ म्हणजे पापभावना. हा तक्ता चुकीचा नाही, परंतु तो पाठ केला की कविता आपल्यापासून दूर जाते. ब्रह्मराक्षस हा विद्वान आहे आणि प्रामाणिकही आहे. त्याची शोकांतिका ही, की त्याचे गणित कागदावरच राहिले आणि ते पुढे नेणारा कोणी त्याला भेटला नाही. या विद्वानाची मुक्तिबोध टिंगल करीत नाहीत. कवितेचा निवेदक शेवटी त्याचा शिष्य होऊ इच्छितो आणि त्याचे अपुरे काम शेवटास नेऊ पाहतो.

'ब्रह्मराक्षस का शिष्य' या कथेत हीच गोष्ट लोककथेच्या सोप्या रूपात येते. दक्षिणेकडचा एक अडाणी मुलगा विद्येसाठी काशीला येतो. एका ओसाड वाड्यात त्याला गुरू भेटतात. बारा वर्षे वाड्याबाहेर पाऊल न टाकता तो शिकतो. शेवटच्या दिवशी जेवताना तूप हवे असते, तेव्हा गुरू जागेवरून न उठता हात लांबवतात आणि तो हात थेट स्वयंपाकघरात पोहोचतो. शिष्य भेदरतो. गुरू सांगतात, की आपण ब्रह्मराक्षस आहोत. योग्य शिष्य न मिळाल्यामुळे विद्या आपल्यापाशीच राहिली आणि म्हणून सुटका झाली नाही. आता ती विद्या शिष्याकडे गेली, गुरू सुटले. मात्र शिष्यानेही ती दुसऱ्याला दिल्याखेरीज त्याची सुटका नाही.

ज्ञान हे ठेवून घेण्याची वस्तू नसून देण्याची जबाबदारी आहे, हा विचार आपल्याला नवा नाही. मुक्तिबोधांनी त्याला जोडलेली भीती मात्र नवी आहे. विद्वत्ता ही शापही ठरू शकते, हे शिक्षकी पेशात आयुष्य काढलेला माणूस सांगतो आहे.

'अंधेरे में' आणि रात्रीची मिरवणूक

'अंधेरे में' ही आठ भागांची दीर्घ कविता हैदराबादहून निघणाऱ्या 'कल्पना' मासिकात नोव्हेंबर १९६४ मध्ये, म्हणजे कवीच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक रात्री शहरातून जाणारी एक विचित्र मिरवणूक पाहतो. बँड वाजतो आहे, मागे सैनिक आहेत. हळूहळू ओळखीचे चेहरे दिसू लागतात: पत्रकार, समीक्षक, विचारवंत, कवी, मंत्री, उद्योगपती. त्यांच्यात शहरातला कुप्रसिद्ध मारेकरी डोमाजी उस्तादही आहे. निवेदकाने आपल्याला पाहिले, हे मिरवणुकीच्या ध्यानात येते आणि ते त्याच्या मागे लागतात. पुढे टिळकांच्या पुतळ्याच्या नाकातून रक्त वाहते. गांधी भेटतात आणि एक मूल त्याच्या स्वाधीन करतात. पुढे निवेदक पकडला जातो आणि त्याच्या मेंदूची तपासणी होते. सुटल्यावरही आपल्या हरवलेल्या परम अभिव्यक्तीचा त्याचा शोध चालूच राहतो.

या कवितेला केवळ राजकीय कविता म्हणणे अपुरे आहे. सत्तेचे आणि धनाचे लोक मिरवणुकीत असणे अपेक्षितच असते. धक्का बसतो तो लेखक, समीक्षक आणि विद्वान तेथे दिसल्यामुळे. निवेदक त्यांना ओळखतो, कारण तो त्यांच्याच वर्गातला आहे. आपण मिरवणुकीत नाही याचा त्याला आनंद होत नाही. नुसते पाहणारा साक्षीदार निर्दोष असतो का, हा प्रश्न त्याला छळतो.

येथे मर्ढेकरांशी तुलना उपयोगी पडते. मर्ढेकरांनी यंत्रयुगातील माणसाची कोंडी मांडताना ओवी आणि अभंग यांच्या आटोपशीर रूपाचा आधार घेतला. मुक्तिबोधांना अशी बांधीव रचना पुरली नाही. त्यांची कविता लांबत जाते, पुन्हा पुन्हा मागे वळते. याचे स्पष्टीकरण 'एक साहित्यिक की डायरी'मधील तीन क्षणांच्या सिद्धान्तात मिळते. पहिला क्षण तीव्र अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि एक फँटसी होऊन डोळ्यांपुढे उभा राहतो. तिसरा क्षण ती फँटसी शब्दांत उतरवण्याचा. आणि उतरता उतरता ती बदलत जाते. म्हणजे मुक्तिबोधांच्या कवितेतील भुतेखेते ही वास्तवापासून पळवाट नाही. खाजगी दुःख सर्वांना पाहता येईल असे रूप घेते, ते या फँटसीमुळेच.

आक्षेपांचा विचार

मुक्तिबोधांवरील आक्षेप टाळून त्यांचा गौरव करणे योग्य होणार नाही. रामविलास शर्मा हे 'तारसप्तक'मधील त्यांचे सहकवी. 'नयी कविता और अस्तित्ववाद' (१९७८) या ग्रंथात त्यांनी मुक्तिबोधांच्या लेखनात दुभंगलेले मन आणि अस्तित्ववादाची छाया दाखवून दिली. उलट नामवर सिंह यांनी 'कविता के नये प्रतिमान' (१९६८) मध्ये 'अंधेरे में' या कवितेला नव्या काव्यमूल्यांची कसोटी मानले.

आमच्या मते शर्मा यांचे निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. दुभंग आहेच. परंतु तो कवितेचा विषय आहे, कवीने नकळत केलेला दोष नव्हे. निवेदकाला आपला दुभंग दिसतो आणि तो त्याला सहन होत नाही, म्हणूनच कविता पुढे सरकते. दुसरे काही दोष मात्र मान्य केले पाहिजेत. काही दीर्घ कवितांत तीच प्रतिमा विनाकारण परत येते. संस्कृत शब्दांची गर्दी वाचकाला थकवते. स्त्रीचा अनुभव या कवितेत फार थोडा आहे. हे दोष विद्यार्थ्यांपुढे मोकळेपणाने ठेवावेत. मोठ्या लेखकाचे त्यात काही कमी होत नाही.

बंदी आलेले पाठ्यपुस्तक

मुक्तिबोधांच्या आयुष्यातील एक घटना आपल्या व्यवसायाशी थेट संबंधित आहे. त्यांनी विद्यार्थ्यांसाठी 'भारत: इतिहास और संस्कृति' हे पाठ्यपुस्तक लिहिले होते. त्यावर आक्षेप घेतले गेले आणि सप्टेंबर १९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्यावर बंदी घातली. कवितेतल्या मिरवणुकीने साक्षीदाराचा पाठलाग करावा, तसेच काहीसे हे घडले. ज्याच्या कविता कोणाला कळत नाहीत असे म्हटले जाई, त्याचे मुलांसाठी लिहिलेले सोपे पुस्तक मात्र अनेकांना नको तितके कळले. दुर्बोधतेच्या चर्चेत हा प्रसंग विसरता कामा नये.

त्यांच्याविषयी त्या काळच्या कलावंतांना काय वाटत होते, याची एक खूण नोंदवण्यासारखी आहे. पंढरपुरात जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनी मुक्तिबोधांच्या अंत्ययात्रेनंतर पायात जोडे घालणे सोडले, असे स्वतः सांगितले आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना

पहिली गोष्ट, मुक्तिबोध शिकवताना सुरुवात कथेपासून करावी. 'ब्रह्मराक्षस का शिष्य' ही कथा पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही एका तासात वाचू शकतो. तिच्यानंतर त्याच नावाची कविता घेतली, तर निम्मी अडचण दूर होते. 'अंधेरे में' संपूर्ण शिकवण्याचा आग्रह न धरता मिरवणुकीचा भाग आधी वाचावा आणि 'हे प्रतीक कशाचे?' याऐवजी 'या चेहऱ्यांपैकी आपल्या ओळखीचे कोणते?' असे विचारावे.

दुसरी गोष्ट, आपल्या अनेक महाविद्यालयांत मराठी, हिंदी आणि उर्दू हे विभाग एकमेकांना लागून आहेत. साधारण त्याच काळात उर्दूत मीराजी आणि नून मीम राशिद आझाद नज्मचे प्रयोग करीत होते. मीराजींचा अंत १९४९ मध्ये मुंबईत झाला. मर्ढेकर, मुक्तिबोध बंधू आणि मीराजी यांचे तिन्ही विभागांनी मिळून चार-पाच तासांचे एकत्रित वाचन ठेवले, तर आधुनिकता ही एका भाषेची किंवा एका शहराची मालमत्ता नाही, हे विद्यार्थ्यांना व्याख्यानाशिवाय समजेल. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकाणच्या अध्यापकांना हे काम अधिक सोपे आहे, कारण तेथे घरी एक भाषा आणि बाहेर दुसरी, हा विद्यार्थ्यांचा रोजचाच अनुभव आहे. मुक्तिबोध याच अनुभवातून घडले.

समारोप

साहित्यातील बंडखोरी म्हणजे विक्षिप्त राहणी किंवा धक्का देणारी भाषा, असा एक समज रूढ आहे. मुक्तिबोध या समजात बसत नाहीत. नोकरी, बदली, कर्ज, आजारपण आणि मुलाबाळांचा संसार सांभाळणारा हा एक साधा शिक्षक होता. रूढी त्यांनी मोडली ती एवढीच, की दोष बाहेर शोधताना स्वतःला वगळले नाही. अशी कविता सोपी असणे कठीण आहे, आणि ती अवघड आहे म्हणून अभ्यासक्रमातून गाळणे किंवा मार्गदर्शिकेवर सोपवणे हे अध्यापकाला शोभणारे नाही. विद्या पुढे दिल्याखेरीज सुटका नाही, ही कथेतल्या शिष्याला घातलेली अट वर्गात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे.