धुईतली तूर

सपाट मुलखाचा फोटो काढणं अवघड काम आहे. सह्याद्रीत कॅमेरा कसाही धरला तरी एखादा डोंगर मधे येऊन चौकट सांभाळून घेतो. आमच्या गंगथडीत सांभाळून घेणारं कुणी नाही. पैठणच्या खाली नांदेडकडं गोदावरी वाहत जाते, तो हा पट्टा. इथं तिला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. काळी रानं, बांधावरच्या बाभळी, एखादा लिंब, विजेचे खांब, आणि डोळ्यासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ. दुपारी फोटो काढला तर जवळची बाभळ आणि कोसभरावरची बाभळ एकाच कागदाला चिकटवल्यासारख्या दिसतात.

म्हणून आमच्या भागातले सगळे फोटोवाले मार्गशीर्ष-पौषातल्या सकाळी उठतात. धुकं पडलं की, आमच्या भाषेत धुई पडली की, रानाला पदर सुटतात. पहिली बाभळ काळी, तिच्यामागची राखाडी, तिसरी नुसती सावली, आणि पुढचं काही नाहीच. डोंगराचं काम धुई करते. पुतण्या लांब पल्ल्याची लेन्स लावतो तेव्हा हे पदर आणखी जवळ येतात, एकावर एक बसतात. ही समज या पोरांनी कुठल्या शाळेत न जाता कमावली, तिचं मला कौतुक आहे. रात्री आभाळ मोकळं, वारा पडलेला आणि रानात ओल असली की पहाटे धुई येणार, हे त्यांना पाठ आहे. दिवस उगवल्यावर धुई लगेच विरत नाही, कधी कधी आधी आणखी दाटते, हेही त्यांना ठाऊक आहे. अडाणी माणूस सूर्य दिसला की कॅमेरा पिशवीत घालतो, ही पोरं थांबतात.

तक्रार आहे ती पुढची. गेल्या काही वर्षांत असे शेकडो फोटो पाहिले. मोबाईलवर, लग्नाच्या अल्बममध्ये, कृषी सेवा केंद्राच्या कॅलेंडरवर. सगळ्यांत सूर्य संत्र्यासारखा. खरी धुईतली सकाळ बहुतेक वेळा दुधासारखी असते. सूर्य वर येतो तो फिकट, पितळेच्या न घासलेल्या ताटासारखा. कॅमेऱ्याचं मोजमाप पांढरी धुई बघून फसतं आणि चित्र काळवंडवतं, म्हणून उजेड थोडा वाढवावा लागतो. पोरं उजेड वाढवण्याऐवजी रंग वाढवतात. मग डिसेंबरातली सकाळ वैशाखातल्या संध्याकाळसारखी दिसते. थंडी निघून जाते. फोटो बघून अंगावर घोंगडं ओढावंसं वाटलं पाहिजे की नाही?

दुसरं म्हणजे धूर. या फोटोंत जमिनीलगत एक निळसर पट्टा असतो. सगळे त्याला धुकं म्हणतात. नीट बघा, तो पुष्कळदा धूर असतो. थंडीत खालची हवा गार, वरची उबदार, त्यामुळं धूर वर चढत नाही, हातभर उंचीवर आडवा पसरतो. कधी तो उसाच्या पाचटाचा असतो, कधी वीटभट्टीचा. आणि कधी कुणी धुरा-बांधावर ओला काडीकचरा मुद्दाम पेटवलेला असतो, धुईनं पिकाचं नुकसान होऊ नये म्हणून. म्हणजे फोटोतल्या ज्या पट्ट्याला लोक 'स्वर्गीय' म्हणतात तो एका माणसानं पहाटे चारला उठून, घाबरून केलेला उपाय असतो.

घाबरायला कारण आहे. धुई पडते तेव्हाच तूर फुलोऱ्यात असते. दोन-चार दिवस धुई आणि आभाळ राहिलं की फूल गळतं, अळी वाढते. हरभऱ्याचंही तेच. पुतण्यानं आमच्याच रानातला एक फोटो चुलत्याला दाखवला होता. फोटो देखणा होता, बक्षीसही मिळालं होतं. चुलत्यानं चष्मा पुसून बघितला.

"चांगलाय. पन तूर कुठंय यात?"

"तूर धुईत गेली, आबा."

"तेच म्हन्तोय म्या. धुईतच गेली त्या साली."

पुतण्या हसला, चुलता हसला नाही.

माणूसही या फोटोंत असतो, नाही असं नाही. पण तो कायम काळा. सूर्य पाठीमागं, खांद्यावर खोरं, तोंड दिसत नाही. खाली लिहिलेलं असतं 'बळीराजा'. तो गडी रात्रभर दारं धरून परत चाललेला असतो, कारण लाईट रात्रीची असते. त्याच्या पायांत चिखल असतो, डोळे तांबारलेले असतात. फोटोवाला दहा पावलं बाजूला सरकला असता तर उजेड कडेनं आला असता, धुईचे पदर तसेच राहिले असते आणि तोंडही दिसलं असतं. पण तोंड दिसलं की तो बळीराजा राहत नाही, अमक्याचा तमका होतो, आणि मग कॅलेंडरवर चालत नाही.

हे दुखणं आपल्याकडचंच आहे असं नाही. इंग्लंडात नॉरफॉक नावाचा असाच सपाट, पाणथळ मुलूख आहे. पीटर हेन्री एमर्सन नावाच्या फोटोग्राफरनं एका चित्रकाराच्या सोबतीनं 1886 साली तिथल्या लोकजीवनाचं पुस्तक काढलं. त्यात बोरू कापणारे, कामावरून परतणारे, होडीतले लोक आहेत आणि ते आपापल्या कामात आहेत. 1895 च्या 'मार्श लीव्हज' या त्याच्या पुस्तकात माणसं जवळजवळ विरून गेली. उरलं धुकं, पाणी, एखादं झाड. ही चित्रं आमच्या पोरांच्या चित्रांची आजोबाच म्हणावीत. पण मला ती पोकळ वाटत नाहीत. एमर्सन त्या पाण्यावर बोटीत राहिलेला माणूस होता, आणि त्या रिकाम्या चित्रांच्या शेजारी त्यानं त्या लोकांच्या गोष्टी लिहून ठेवल्या. काय झाकलं गेलंय ते त्याला माहीत होतं. आमच्या पोरांना तर ते जन्मापासून माहीत आहे, म्हणून राग जास्त येतो.

पुतण्याचाच एक फोटो मला सगळ्यांत आवडतो. चुलती हरभऱ्याच्या रानात उभी आहे. पहाटे तिनं धुतलेलं धोतर झाडांवरून फिरवलंय आणि आता ते पितळी तांब्यात पिळतेय. हरभऱ्याच्या पानांवरच्या दवाची ही आंब, पोटदुखीवर घरात ठेवतात. मागं धुई आहे, पण चित्र तिचं नाही. पिळताना चुलतीच्या मनगटाच्या शिरा वर आल्यात. सूर्य चौकटीच्या बाहेर आहे. डावीकडं विजेचा खांब तिरका घुसलाय आणि धोतराचा पांढरा रंग पार उडालाय.

पुतण्यानं तो कुठंच पाठवला नाही. खांब पुसून टाकतो म्हणाला, मग पाठवतो. मी म्हणालो, खांब राहू दे, रात्रीची लाईट त्याच्यावरूनच येते. धोतराचा उजेड तेवढा कमी करता आला तर बघ.